शेगडीला जाकीट

डब्याची कडी एका अंगाला वाकली होती. नुसती खाली दाबली तर हट्टाने उघडी राहायची, आधी अंगठ्याने आत ढकलायची आणि मग खाली... आणि बाबांनी ती तशीच, आधी आत मग खाली, कट् असा आवाज येईपर्यंत लावली, डबा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने पुसला, उजेडात धरून चकाकतोय ना ते पाहिलं, पूर्वी बॉयलरची काच पाहायचे तसंच डोळे बारीक करून, आणि ओट्यावरून तो तिच्याकडे सरकवत म्हणाले,

"शेगडीवर ठेव."

"ठेवते."

डबा हाताला ऊन लागत होता. कारखान्यात पोचेपर्यंत तो गार होणार, दुपारी शेगडीवर पुन्हा तापणार, म्हणजे एकाच भाताला दोनदा आच—असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. बाप पहाटे उठून डबा करून देतो आहे आणि ही बया आच मोजते आहे! पण सवयच लागली होती तशी. चहाच्या भांड्यावर झाकण नसलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. हॉटेलात दार उघडं टाकून एसी लावलेला दिसला की ती उठून दार लोटून यायची, आणि बरोबरच्या मैत्रिणी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

आई गेल्यापासून घरातलं बोलणं आटत आटत दोन वाक्यांवर आलं होतं. सकाळी, "शेगडीवर ठेव." संध्याकाळी, ती चपला काढत असताना, स्वयंपाकघरातून, पाठमोरं: "गरम होता?" त्यावर तिने म्हणायचं, "होता." बाकी बोलणं नव्हतं असं नाही, नळाला पाणी कमी येतंय, गॅस संपत आलाय, शेजारच्यांनी जिन्यात पुन्हा सायकल लावली... पण ते काय, कुणीही कुणाशीही बोलतं. हे दोन शब्द मात्र आधी आईचे होते. लहानपणी ती जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करायची तेव्हा डोक्यावरून तेच जात-येत असायचे, बाबांचं "गरम होता?"... आईचं "होता"... आणि आई गेल्यावर थोड्या दिवसांनी बाबा एकदा गॅससमोर उभे राहिले, जन्मात पहिल्यांदा, म्हणाले, "आगीशी माझी ओळख जुनी आहे, भांड्यांशी तेवढी नवी," आणि तिला पहिला डबा करून दिला. भात खालून लागला होता, भाजी अळणी होती. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गरम होता?" आणि "होता" म्हणून ती तडक न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आणि आज ती शेगडी बंद करायची होती. बंद म्हणजे झाकायची. तिनेच.

कोपऱ्यावर वळलं की दोन घरांच्या फटीतून कारखान्याच्या दोन चिमण्या दिसतात. एकीतून पातळ धूर येत होता. दुसरी नुसतीच उभी होती, आठवडा झाला तिच्यातून काही आलं नव्हतं, आणि रोज इथे आल्यावर ती तिच्याकडे पाहायची आणि तिला आतून एकदम छान वाटायचं, आणि पाठोपाठ वाईट वाटायचं, कारण ती चिमणी दोन नंबर बॉयलरची, म्हणजे बाबांची. उमेदीची सारी वर्षं त्यांनी तिच्या पायथ्याशी काढली. आज दुपारनंतर दोन नंबरचा पाइप कापायचा होता, कायमचा. महिन्याभरापूर्वी तिने त्यांना हे सांगितलं तेव्हा ते भाजी ढवळत होते. "बरं," म्हणाले, आणि ढवळत राहिले. त्या "बरं"चा अर्थ ती अजून लावत होती. बाबांचं "बरं" म्हणजे होकारही असतो, नकारही असतो, आणि कधी कधी नुसतं भाजीला आलेली उकळीही असते.

शेगडी म्हणजे शेगडी नव्हतीच. कापड रंगवायचा हा कारखाना, इथे सगळं वाफेवर चालतं, आणि घडी खात्याच्या भिंतीला लागून वाफेचा जो जाड पाइप जातो, त्याला तिथे एक मोठा व्हॉल्व्ह आहे. कोणे एके थंडीत—तिचा जन्म व्हायचा होता अजून—बाबांनी त्या व्हॉल्व्हवरचं आवरण सोलून काढलं आणि वर लोखंडाची जाळी बोल्टने बसवली. कारण घडी खात्यात नवीन लागलेली एक मुलगी दुपारी गारढोण भात खाते आणि खाताना थंडीने तिचे दात वाजतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या मुलीचा डबा जाळीवर पहिला. वर्षभरात लग्न झालं. मग साऱ्या खात्याचे डबे तिथे येऊ लागले आणि त्या उघड्या व्हॉल्व्हचं नाव शेगडी पडलं. ही गोष्ट तिने इतक्यांदा ऐकली होती की आईचे ते वाजणारे दात तिला स्वतः ऐकल्यासारखे वाटायचे.

कारखान्यात तिच्या हुद्द्याला लांबलचक नाव होतं, पण सगळे म्हणायचे वाफेच्या ताई. काम काय, तर जिथे जिथे ऊब पळते तिथे तिचा रस्ता अडवायचा. जुन्या खादाड मोटारी काढून कमी विजेत तेवढंच काम ओढणाऱ्या बसवल्या, सतत भन्नाट फिरणाऱ्या पंख्यांना गरजेपुरतंच फिरायला लावलं, गटारात जाणारं उकळतं पाणी माघारी बॉयलरकडे वळवलं, आणि पाइपांवर, व्हॉल्व्हांवर लोकर भरलेली करड्या कापडाची जाकिटं चढवली, पट्टे ओढून, बकल लावून. माणसं हसली होती. "ताई, थंडी वाजते होय पाइपाला?" पण मग बॉयलरमध्ये जळण कमी लागू लागलं, आणखी कमी, आणि एक दिवस लक्षात आलं की दोन नंबर पेटवायची गरजच उरली नाही. ते रात्रंदिवस जळत होतं ते कापडासाठी नव्हतंच मुळी... निम्मं भिंती तापवायला, निम्मं गटार उकळायला. धुराचं तिला हेच सहन व्हायचं नाही. कापड विटतं, विरतं, त्याचं पोतेरं होतं, पोतेरंही फेकून देतात, पण ते रंगवताना जे वर गेलं ते तिथेच राहतं, कापड नेसणाऱ्याच्या नातवंडांच्या डोक्यावरही ते असणार, दिसत नाही म्हणून काय झालं. आणि ते कशापायी, तर व्हॉल्व्ह उघडा होता म्हणून. यापायी ती वेडी होते असं लोक म्हणतात. होते तर होते.

कारखान्यातले सगळे व्हॉल्व्ह झाकले होते. एक सोडून.

त्या एकाचं जाकीट पहिल्याच गठ्ठ्यात शिवून आलं होतं. "तेवढं राहू दे, माप तपासायचंय," असं ती म्हणाली होती आणि ते तिने ऑफिसात आणून ठेवलं होतं, आणि मग खुर्चीत पाठीला काहीतरी हवं म्हणून ते पाठीशी गेलं, आणि महिनोन् महिने ती त्याला टेकून बसून इतरांना सांगत राहिली की एकही जागा उघडी राहता कामा नये. आत येणारा प्रत्येक जण ते पाहायचा. कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी म्हणालं असतं, ताई, शेगडीचं काय?—तर तिच्याकडे उत्तरं तयार होती, आणि ती सगळी लंगडी होती. शेगडी दिवसरात्र तापते, सुट्टीच्या दिवशीही तापते, आणि डबा तिच्यावर जेमतेम अर्धा तास असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. घडी खात्यासाठी तिनेच विजेवरचं डबे तापवायचं कपाट आणलं होतं. बायकांनी त्याचं नाव ठेवलं सवत. पहिले चार दिवस नाकं मुरडली आणि मग सगळे डबे निमूट सवतीकडे गेले. शेगडीवर आता एकच डबा असायचा, वाकड्या कडीचा.

पण काल... काल जे झालं त्यानंतर टेकून बसणं जमेना. काल रंग खात्यात तिने पाहिलं, एका व्हॉल्व्हचं जाकीट काढून खाली टाकलंय आणि वर ओले हातमोजे वाळत घातलेत. तिचा पारा चढला. नको नको ते बोलली. "तुमच्या हातमोज्यांसाठी बॉयलर जाळायचा का?" असंही म्हणाली. ते तिघेचौघे मान खाली घालून उभे होते. त्यातल्या एकाची नजर क्षणभर भिंतीपलीकडे गेली, घडी खात्याच्या दिशेने, आणि त्याने ती लगेच परत आणली, अगदी घाईने, आपण चुकून कुणाच्या घरात डोकावलो असं वाटल्यासारखी. "हो ताई," तो म्हणाला, "चुकलं," आणि जाकीट उचलून पट्टे ओढू लागला. उलट बोलला असता तर बरं झालं असतं! त्याने बोलून दाखवलं असतं तर ती भांडली असती. त्याने कानाडोळा केला, तोही मायेने; तिच्या आईसाठी, तिच्या बापासाठी, तिच्यासाठी; आणि त्या मायेचं ओझं घेऊन ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

बॉयलरपाशी फुंकर उभा होता. फुंकर म्हणजे बॉयलरवाला, बाबांच्या हाताखाली शिकलेला. चहा इतका वेळ फुंकत बसायचा की बाबांनीच ते नाव ठेवलं आणि आता त्याच्या बायकोलाही त्याचं खरं नाव आठवत असेल की नाही कोण जाणे.

"प्रेशर बघा ताई," तो म्हणाला. "सगळी मशिनं चालू आहेत आणि एकट्या एक नंबरवर काटा जागचा हलत नाहीये. मास्तरांना सांगा."

मास्तर म्हणजे बाबा.

"सांगते."

"दोन नंबरचा पाइप दुपारी कापतो मग." तो घुटमळला. चहाचा कप त्याने ओठांशी नेला, फुंकला, प्यायला नाही. "आणि ते... घडी खात्यातलं... म्हणजे तुम्ही म्हणाल तसं. राहिलं तरी त्याने काही प्रेशर पडणार नाही ताई. एवढ्याशाने काय होतंय."

एवढ्याशाने काय होतंय! हे वाक्य ऐकलं की ती एरवी समोरच्याच्या अंगावर धावून जायची. आज तिला ते उचलून पदरात बांधावंसं वाटलं. खरंच होतं ते, एका व्हॉल्व्हने काय होणार. बॉयलरला कळणारसुद्धा नाही. पण ओल्या हातमोज्यांच्या व्हॉल्व्हनेही काही झालं नसतं...

"जेवण झालं की घालू जाकीट," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "मी घेऊन येते. तू पाना आण, जाळी काढावी लागेल."

 फुंकर चहा एका दमात प्यायला, गरमच.

सकाळ गेली कशी ते तिला कळलं नाही. माणसं येत होती, बोलत होती, ती उत्तरं देत होती, आणि खाली कुठेतरी, पाण्याखालून, संध्याकाळ येत होती. ती चपला काढेल. ते विचारतील. आज ती म्हणेल, होता. पण उद्यापासून काय म्हणेल? होता म्हटलं तर खोटं. आणि खोटं तरी कसं, सवतीत तापवला तर गरमच असणार की! पण त्यांचा प्रश्न डब्याचा नसतो, शेगडीचा असतो... आणि शेगडी झाकली असं सांगितलं तर पुन्हा "बरं," आणि ढवळणं, आणि उद्या सकाळी डबा सरकवताना ते काय म्हणतील? शेगडीवर ठेव म्हणायचं तर शेगडी नाही. नुसता डबा सरकवतील. घरात मग तेवढंही बोलणं उरणार नाही. बाप-लेक, दोन खोल्या, एक गॅस, आणि नळाला पाणी कमी येतंय. तिला एवढीच भीती होती. चिमणीची नव्हती, पाइपाची नव्हती. त्या दोन शब्दांची होती.

जेवणाच्या सुट्टीत ती घडी खात्यात गेली, एका हातात डबा, काखेत जाकीट. बायकांनी जाकीट पाहिलं आणि बोलणं थोडं मंदावलं. तिने डबा शेगडीवर ठेवला, शेवटचा म्हणून जरा जास्तच नीट, मधोमध. खात्यातली सगळ्यात जुनी बाई, जिला सारा कारखाना मावशी म्हणतो आणि जी पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायची होती, ती जवळ येऊन उभी राहिली.

"घालतेस का शेवटी याला कपडे?"

"घालते मावशी."

"घाल बाई. उघडा उघडा दिसतो मेला इतकी वर्षं." मावशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तोंड का एवढंसं झालंय?"

"आईचा डबा असायचा इथे," ती म्हणाली. एवढंच म्हणायचं होतं, पण बांध फुटल्यासारखं पुढचंही आलं. "तिला गरम मिळावं म्हणून बाबांनी केलं होतं ना हे. तीच इथून पुसली जाईल असं वाटतंय."

 मावशीचे गाल हलले, मग खांदे, आणि ती तोंडावर पदर धरून हसायला लागली, अशी की शेजारच्या दोघी वळून पाहू लागल्या.

"अगं, तुझ्या आईला गरम चालायचं कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! गरम घास तोंडात गेला की डोळ्यांत पाणी. दाढा ठणकायच्या तिच्या. चहासुद्धा पार निवल्यावर घ्यायची. माहेरून गारच खायची सवय. तुझ्या घरी ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायची ना? का जेवायची मग? आम्ही म्हणायचो काय ही त्यागमूर्ती. तर कसला त्याग, हिला निवलेलं हवं!"

"पण दात वाजायचे..."

"कशाने वाजतील? भात खाताना कुणाचे दात वाजतात होय?" मावशीने आवाज खाली आणला, इतक्या वर्षांनीही. "ते आम्हीच त्याच्या कानावर घातलं होतं. तुझा बाप सारखा काहीतरी निमित्त काढून इथे यायचा आणि पाइपाकडे बघत उभा राहायचा. बोलायची छाती नाही. म्हटलं, याला एक काम देऊ या. आम्हाला काय माहीत हा बाबा दुसऱ्याच दिवशी पाना घेऊन हजर होईल!"

"मग आई... डबा..."

"रोज गरम व्हायचा. हात भाजेपर्यंत. ही बया तो फडक्यात धरून उचलायची आणि त्या खिडकीत नेऊन ठेवायची, झाकण काढून, वाऱ्यावर. निवेपर्यंत तिथेच उभी. मग खायची. मरेपर्यंत त्याला सांगितलं नाही. आम्हालाही शपथ घातलेली."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस? तू येतेस, डबा उचलतेस, फोनवर बोलत बोलत गिळतेस. आणि तुला सांगितलं असतं तर तू घरी जाऊन बोलली असतीस. तो जिवंत आहे ना अजून."

तिला काय वाटलं ते तिलाही लगेच कळलं नाही. आधी हसू आलं. तापवायचं आणि निववायचं, रोज, वर्षानुवर्षं, सुट्टीच्या दिवशी नुसतंच तापत ठेवायचं! तिच्या धंद्यातली याहून मोठी उधळपट्टी तिने कुठे पाहिली नव्हती, आणि ती तिच्या स्वतःच्या आई-बापांनी केली होती, राजीखुशीने. किती धूर वर गेला असेल त्या एका जाळीपायी... आणि त्यातूनच मी झाले. म्हणजे मी बोलू तरी कुणाला. मग हसता हसता डोळे भरून आले, मग आईचा थोडा रागही आला, की बाई गं, एवढं मनात ठेवलंस, बापाला नाही तर नाही, मला तरी... आणि मग तिने फडक्यात धरून डबा उचलला आणि खिडकीकडे गेली.

झाकण काढलं. वाफ बाहेर गेली.

ती या खिडकीत कधी उभी राहिली नव्हती. खाली अंगण होतं, पलीकडे बॉयलरची बैठी इमारत आणि तिचं दार, आणि वर दोन चिमण्या. तिने भाताला बोट लावून पाहिलं. अजून कढत. आई इथे उभी राहून काय करत असेल निवेपर्यंत? बघण्यासारखं इथे काही नव्हतं. अंगण, दार, चिमण्या, अंगण...

दारात फुंकर आला. त्याने गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसलं, मान पुसली, वाऱ्याला उभा राहिला. आत इतकं तापतं की जेवायच्या आधी बॉयलरवाला असा बाहेर येणारच, बाबाही यायचे, घरी सांगायचे, दुपारी दारात उभं राहिलं की जीव थंड होतो... ती बघत राहिली. फुंकरने वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला, आणि तोच हात उंच केला.

तिनेही केला. आणि हात तसाच वर राहिला, कारण तेव्हा तिच्या लक्षात आलं की इथून ते दार दिसतं म्हणजे त्या दारातून ही खिडकी दिसते.

ती जेवली तेव्हा भात पार गार झाला होता. फोन नव्हता, कुणी बोलत नव्हतं, आणि तिला चव लागली. भाजीत आता मीठ बरोबर असतं. कधीपासून बरोबर असतं? फोडणी किंचित पुढे गेलेली, पण जळलेली नव्हे, मिरचीचे मोठे तुकडे वेचून काढलेले, तिला तोंडात आलेले आवडत नाहीत म्हणून. भाताचा खालचा थर तिच्या डब्यात नव्हताच, तो घरी कुणीतरी खात असणार. हे सगळं रोज तिच्या डब्यात होतं आणि ती रोज गरम गरम गिळत होती. तिने डबा बोटाने निपटून खाल्ला.

जाकीट घालायला फुंकर पाना घेऊन आला. बोल्ट गंजले होते, त्याला जोर लावावा लागला, मावशी मागून "जपून रे, तिच्या आईचा संसार आहे तो" म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. जाळी निघाली. जाकीट चढलं, पट्टे ओढले, बकलं लागली. माप अगदी बरोबर होतं. तिने वर तळवा ठेवून पाहिला, तर जेमतेम कोमट. इतकी वर्षं जवळ जायला लोक बिचकायचे त्या जागेवर आता कुणीही हात ठेवावा.

"मघाशी तुम्ही बोलावत होता का?" फुंकरने विचारलं. "खिडकीतून."

"नाही रे. डबा निववत होते. मी आहे हे तुला कसं कळलं? तोंड दिसतं तिथून?"

"छे! ऊन डोळ्यांवर येतं, तोंड कुठलं दिसतंय. डबा चमकला म्हणून वर पाहिलं. एवढा चकाकणारा डबा तुमचाच." त्याने जाळी फडक्याने पुसली आणि तिच्या हातात दिली. "मास्तरांना द्या. भंगारात नको जायला."

डबा चमकला म्हणून... ओलं फडकं, कोरडं फडकं, उजेडात धरून पाहणं. पण ते तर सगळंच पुसतात. गॅस पुसतात, नळ पुसतात, दाराच्या कडीला हात लागला की तीही पुसतात. बॉयलरवाल्याची सवय, दुसरं काय. त्यावरून काही ठरत नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं... दारातून त्यांनी आई खिडकीत डबा उघडून वाऱ्यावर धरते आहे हे रोज पाहिलं असेल, तर संध्याकाळी कुठल्या तोंडाने विचारायचे, गरम होता? आणि पाहिलं नसेल तर दारात उभं राहिल्यावर जीव थंड कशाने व्हायचा? ती घरी चालत निघाली तेव्हा पाइप कापून झाला होता, खांद्यावरच्या पिशवीत जाळी होती, जड, आणि चालताना ती रिकाम्या डब्यावर आपटून खणखण वाजत होती. कोपऱ्यावर तिने वळून चिमण्या पाहिल्या. दुसरी नुसतीच उभी होती. आज तिच्याकडे पाहून तिला वाईट वाटलं नाही. म्हणावंसं वाटलं, दमलीस, आता बस.

जिन्यात सायकल होतीच. दार उघडंच होतं. आत ते पाठमोरे उभे होते, गॅससमोर, आणि भाजीचा वास येत होता. ती चपला न काढताच आत गेली आणि पिशवीतून जाळी काढून ओट्यावर ठेवली.

बाबांनी मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक बोट जाळीच्या कडेवरून फिरवलं, जिथे बोल्टची भोकं होती, आणि ते बोट पाहिलं, गंज लागला का म्हणून.

"जाकीट घातलं?" त्यांनी विचारलं.

"घातलं. आणि बाबा, एकट्या एक नंबरवर काटा जागचा हलत नाही. सगळी मशिनं चालू असताना."

"बरं," ते म्हणाले.

गॅस त्यांनी बंद केला. मग चिमट्याने भाजीचं पातेलं उचललं, इकडे तिकडे पाहिलं आणि ते सरळ त्या जाळीवर ठेवलं, ती जन्मापासून त्याच ओट्यावर होती असं समजून. वर झाकण टाकलं. ती चपला काढायला दाराकडे वळली. आता काही विचारणार नाहीत, तिने स्वतःला सांगितलं, आता विचारायला राहिलंय काय, सगळं तर समोर ओट्यावर आहे...

"गरम होता?"

ती वाकलेली तशीच राहिली, एक चप्पल हातात. रोज तिचं उत्तर त्यांचा प्रश्न संपायच्या आत निघायचं, तोंडपाठ असल्यासारखं. आज प्रश्न पुरता येऊ दिला. तो संपल्यावर मागे जी शांतता आली तीही येऊ दिली. त्या शांततेत पातेल्याचं झाकण थोडं थडथडत होतं, ते पाठमोरे वाट पाहत होते, आणि तिला वाटलं, आईसुद्धा "होता" म्हणण्याआधी अशीच थोडी थांबत असेल, हसू दाबायला, किंवा ते असं वाट पाहताना किती चांगले दिसतात ते बघायला. उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि त्यात आज खोटं काहीच नव्हतं. तिने चप्पल खाली ठेवली. घाई नव्हती.